एका पट्टीचे दोन तुकडे

पेंटरबाईंना कुणी विचारलं, की काल दिवसभर बसून तुम्ही त्या बोर्डावर काय लिहिलंत, तर त्या सांगत, "एकवीस अक्षरं, तीन जोडाक्षरं, एक उद्गारचिन्ह. पिवळ्यावर काळं." बस्स, त्यापुढे काही नाही. मजकूर काय होता हे त्यांना खरोखरच सांगता येत नसे. अडाणी होत्या म्हणून नव्हे. रोजचं वर्तमानपत्र त्या छोट्या जाहिरातींसकट वाचून काढत. पण हातात ब्रश आला की डोळ्यांना वाचायची बंदी. ही शिस्त वडिलांची. वाचायला लागलीस की हात अर्थाच्या मागे धावतो आणि वेलांटी आखूड पडते, असं त्यांचं म्हणणं. नवव्या वर्षी मुलीच्या हातात चपटा ब्रश देताना त्यांनी हे एकदाच सांगितलं आणि मुलीने पन्नास वर्षं पाळलं.

यापायी एकदा भलताच घोटाळा झाला होता. 'हे दुकान विकणे आहे' हा मजकूर बाईंनी घाईत शेजारच्या चष्मेवाल्याच्या शटरवर रंगवला. चष्मेवाला सकाळी दुकान उघडायला आला तर बाहेर तीन गिऱ्हाइकं उभी, चष्म्याची नव्हे, दुकानाची! तो तावातावाने बाईंकडे आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "नंबर चुकला असेल. पण अक्षरं बघा की कशी आलीत." चष्मेवाल्याने शटर पुसून घेतलं आणि दोन वर्षांनी आपला नवा बोर्डही बाईंकडूनच रंगवून घेतला. कारण गावात दुसरं होतं कोण?

खरंच कुणी नव्हतं. प्लास्टिकच्या छापील फलकांची यंत्रं आली तेव्हा गावातले इतर पेंटर एकेक करून धंदा सोडून गेले. एक बस चालवायला लागला, दुसऱ्याने मुलाच्या दुकानात बसून टीव्ही बघण्याचं काम पत्करलं. बाई हट्टाने राहिल्या. मग एक दिवस नगरपालिकेने प्लास्टिकच्या फलकांवर बंदी घातली आणि ज्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं तेच लोक पत्र्याचे आणि हार्डबोर्डचे तुकडे काखोटीला मारून रांगेत उभे राहिले. बाईंनी कुणाला टोमणा मारला नाही. म्हणजे फार मारला नाही.

दुकान म्हणजे खाली एक लांबट खोली. एका भिंतीला वाळत घातलेले बोर्ड, दुसऱ्या भिंतीला लाकडी पट्ट्यांची चवड, टर्पेंटाइनचा वास, आणि मध्ये बाईंचं स्टूल. बाहेरच्या बाजूने जिना वर जायचा. वर त्यांची धाकटी बहीण राहायची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटीने केलं होतं आणि नवरा वारल्यावर ती माहेरच्या घरात परतली होती. मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत ती अठ्ठावीस वर्षं चादरी धूत आणि इस्त्री करत होती. दंड मजबूत, जीभ त्याहून मजबूत. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती.

दवाखान्याच्या अध्यक्षांनी लाँड्री बंद करून काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरवलं, आणि एकाच आठवड्यात बाईंकडे दोन ऑर्डरी आल्या. पहिली अध्यक्षांच्या सेक्रेटरीची: तीस बोर्ड, साहेबांच्या पाठिंब्याचे. हा सेक्रेटरी बाईंचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दवाखान्याच्या प्रत्येक दारावरची पाटी, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्याच्यामार्फत यायचं. दुसरी ऑर्डर जिन्यावरून उतरून आली. धाकटी म्हणाली, "अकरा बोर्ड हवेत. पुठ्ठ्याचे चालतील, दोरी बांधून गळ्यात घालू."

"गळ्यात?" बाई भडकल्या. "गळ्यातला बोर्ड पुढच्या माणसाच्या पाठीला दिसतो. मोर्चा काढताय की लपंडाव खेळताय? काठीवर लावून देते. लांबून वाचता येईल."

धाकटीला काठ्या नको होत्या. बाईंनी ऐकलं नाही. आपलं अक्षर कुणाच्या पोटावर लोंबकळलेलं त्यांना सहन होणारच नव्हतं.

पट्ट्यांचं काम बाई असं करत: लाकूडवाल्याकडून सहा फुटी पट्ट्या यायच्या, दीड इंच रुंद. मध्यावर खूण करून करवतीने दोन तुकडे करायचे. पेन्सिल कधी जागेवर सापडत नसे, म्हणून त्या वेळी हातात असलेल्या ब्रशाचाच एक ठिपका मध्यावर द्यायचा आणि त्या ठिपक्यावरून करवत चालवायची. एक तुकडा डाव्या चवडीत, एक उजव्या. तीन-तीन फुटांचे दांडे तयार. मग दोन्ही ऑर्डरींचे बोर्ड चार-चार खिळ्यांनी ठोकून त्यांनी दाराशी लावून ठेवले आणि हात धुतले.

बुधवारी सकाळी दोन्ही मोर्चे एकाच चौकात आले. दोघांनीही पोलिसांना रीतसर अर्ज दिले होते. दोघांच्या अर्जावर एकच शिक्का होता. सेक्रेटरीच्या माणसांसाठी पोलिसांनी रस्ता मोकळा केला, एका हवालदाराने तर पाण्याचा कॅनही उचलून दिला. लाँड्रीतल्या अकराजणींना चौकाच्या तोंडाशी अडवलं. इन्स्पेक्टर म्हणाला, तुमच्या हातात दांडकी आहेत, जमावात दांडकी आणायला बंदी आहे. धाकटीने समोरच्या मोर्चाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आणि त्यांच्या हातात काय आहे, फुलं?" एवढं पुरलं. अकराजणींना गाडीत कोंबलं. बोर्ड उपटून गटारात फेकले गेले, कारण हत्याराला अक्षरं कशाला? नुसत्या काठ्या तेवढ्या पोत्यात भरून, सील करून, पुरावा म्हणून नेल्या.

दहाजणींना संध्याकाळी सोडलं. धाकटीवर मोर्चाची म्होरकी म्हणून खटला भरला. दवाखान्याने तिला निकाल लागेपर्यंत घरी बसवलं. शिक्षा झाली तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर अठ्ठावीस वर्षांची पेन्शनही.

जामिनावर सुटून आली ती थेट दुकानात. "ते तीस बोर्ड पण तूच रंगवलेस?"

"ऑर्डर होती," बाई म्हणाल्या.

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"मी वाचत नाही, तुला माहितेय."

"हो ना! तू वाचत नाहीस. आणि आमच्या बोर्डांना काठ्या कुणी लावल्या? आम्ही मागितल्या होत्या? तुझ्या अक्षरांच्या तोऱ्यापायी मी आत गेले, ताई."

त्यानंतर सात महिने धाकटी बाईंशी बोलली नाही. जिना उतरायची, दुकानावरून जायची, मान वळवायची नाही. बाई वरच्या पावलांच्या आवाजावरून ओळखायच्या की आज ती येरझारा घालतेय, आज झोपून आहे. त्यांना स्वतःचा भयंकर राग यायचा आणि तो काढायला कुणी नव्हतं, म्हणून त्या रंगाचे डबे आपटायच्या. लोकांना वाटे बाईंचं आताशा वय झालं. वय कसलं होतंय! आपल्या हट्टाने बहिणीचा घास काढून घेतला, ही टोचणी होती.

खटला सुनावणीला आला त्याच आठवड्यात सेक्रेटरी दुकानात हजर झाला. गोड बोलणारा माणूस, काळा चष्मा नेहमी कपाळावर चढवलेला. त्याचे जुने बोर्ड मोर्चानंतर बाईंकडेच परत आले होते. खरवडून पुन्हा रंगवायचे हा नेहमीचा रिवाज होता. तीस गेले होते, चोवीसच परत आले होते. उरलेल्या सहांच्या काठ्या मोडल्या होत्या. त्या वेळी बाईंनी विचारलं होतं तेव्हा हाच म्हणाला होता, "गर्दीत मोडल्या हो. एका दुकानाची काच मध्ये आली."

आता तो म्हणाला, "बाई, चोवीस बोर्ड शुक्रवारपर्यंत हवेत. नवीन इमारतीचं उद्घाटन आहे."

बाईंनी मान डोलावली. तो गेल्यावर त्यांनी पहिला बोर्ड मांडीवर उलटा घेतला आणि खिळे काढायला पक्कड लावली. काठी सुटून हातात आली, तिचं खालचं टोक डोळ्यांसमोर आलं. टोकावर हिरव्या रंगाचा अर्धा ठिपका होता, करवतीने सरळ कापलेला. बाई त्याकडे नुसत्याच बघत राहिल्या. मग दुसरी काठी काढली. तिच्यावर अर्धा लाल. तिसरीवर अर्धा निळा.

ठिपक्याचा दुसरा अर्धा भाग कुठे असणार हे त्यांना सांगायला नको होतं. डाव्या चवडीतल्या काठ्या सेक्रेटरीच्या ऑर्डरीला गेल्या होत्या. उजव्या चवडीतल्या धाकटीच्या अकरा बोर्डांना लागल्या होत्या, आणि त्या पोलिसांच्या पोत्यात बंद होत्या.

साठीच्या बाई एका दमात जिना चढल्या. धाकटीने दार उघडलं, पण काही बोलली नाही. बाईंनी धापा टाकत काठी पुढे केली.

"ही त्यांची. हिची जोडीदारीण तुझी. एका पट्टीच्या आहेत दोघी. जाडी तीच, लांबी तीच, झाड तेच."

धाकटीला क्षणभर काही कळेना. मग तिने ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे माझ्या हातात दांडकं आणि त्यांच्या हातात..."

"तेच दांडकं!"

धाकटी दारातच खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, आणि बाईंचा रंगाने बरबटलेला हात धरून म्हणाली, "ताई, तुझ्या ठिपक्याच्या घाणेरड्या सवयीवर बाबा किती ओरडायचे गं." बाई म्हणाल्या, "बाबांकडे पेन्सिल असायची." मग दोघींनी चहा केला. सात महिन्यांचं साचलेलं बोलायचं होतं, तेव्हा चहा तीनदा झाला.

गुरुवारी सुनावणी होती. आदल्या दिवशी, बुधवारी, सेक्रेटरी बोर्डांची चौकशी करायला आला. बोर्ड भिंतीशी रचलेले, काठ्या वेगळ्या बांधून ठेवलेल्या, आणि ब्रश डब्यात कोरडे.

"अजून हात नाही लावला?"

"लावणारही नाही. त्या काठ्या उद्या कोर्टात जाणार आहेत."

सेक्रेटरीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. त्याला समजायला फार वेळ लागला नाही. "बाई, बोर्ड आमचे आहेत."

"बोर्ड घेऊन जा. काठ्या माझ्या. तुम्ही पुढच्या वेळी परत द्यायच्या बोलीवर नेल्या होत्या, दर वेळी नेता तशा."

"दवाखान्याचं सगळं काम तुमच्याकडे आहे, हे लक्षात ठेवा."

"लक्षात आहे. म्हणूनच सांगते, प्रसूती वॉर्डाच्या पाटीचा रंग उडालाय, ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

दुसरं कुणी नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. सेक्रेटरी तणतणत गेला.  बाई मात्र स्टुलावर बसून राहिल्या. निम्मं पोट त्या माणसाच्या ऑर्डरींवर चालत होतं, आणि हे त्यांनी कुणालाही, अगदी धाकटीलाही सांगितलं नाही.

कोर्टाची खोली लहान होती आणि पंखा नुसता आवाज करत होता. धाकटीच्या वकीलबाई तिशीच्या, सरकारी मदतीतून मिळालेल्या. आधी इन्स्पेक्टरची साक्ष झाली. तो आत्मविश्वासाने बोलला. "त्या दिवशी चौकात दोन मोर्चे होते. एकाकडे फलक होते, दुसऱ्याकडे दांडकी."

वकीलबाईंनी विचारलं, "फरक कसा ओळखलात?"

"जाडी, लांबी. बघताक्षणी कळतं. इतक्या वर्षांचा अनुभव आहे."

"म्हणजे दोन्हींची लाकडं वेगळी होती?"

"साफ वेगळी."

हे सगळं न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. मग पेंटरबाई उभ्या राहिल्या. नेहमीचीच रंगाचे डाग पडलेली साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात काठ्यांची मोळी. आपण काय करतो, कसं करतो, हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. सरकारी वकील लगेच उठला. "या आरोपीच्या सख्ख्या बहीण आहेत. या काठ्या बहिणीसाठी बनवून आणल्या नाहीत कशावरून?"

बाईंचा पारा चढला. "साहेब, माझ्याकडच्या बनवून आणल्या असं धरून चाला. पण तुमच्या पोत्यातल्या? त्याला सील तुमचं आहे. ते तुम्ही इथेच फोडा."

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. कारकुनाने सील फोडलं आणि अकरा काठ्या टेबलावर ओतल्या. प्रत्येकीला वरच्या टोकाशी खिळ्यांची चार भोकं. बाईंनी आधी ती दाखवली. "ही भोकं बोर्डाची. मारामारी करायला निघालेला माणूस दांडक्याला बोर्ड ठोकत बसत नाही." मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. कारकुनाने तिकडे डोळे वटारले.

मग बाईंनी पोत्यातली एक काठी उचलली. टोकावर अर्धा हिरवा ठिपका. आपल्या मोळीतून अर्ध्या हिरव्या ठिपक्याच्या काढल्या, दोन होत्या. पहिली लावली, रेषा जुळल्या नाहीत. दुसरी लावली. लाकडाच्या रेषा एका टोकातून दुसऱ्या टोकात सरळ चालत गेल्या, मध्ये एक गाठ होती तिचे दोन अर्धे एकमेकांना भेटले, आणि हिरवा ठिपका पुरा गोल झाला. सहा फुटी पट्टी, लाकूडवाल्याकडून आली होती तशीच. न्यायाधीशबाई खुर्चीतून उठून टेबलाशी आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"अजून आहेत?" त्यांनी विचारलं.

"लावते ना."

कारकुनाला एक टोक धरायला लावून बाईंनी दुसरी जोडली, मग तिसरी.  चौथी, पाचवी. सरकारी वकील कागद चाळायला लागला. सहावी. सातवी जुळली तेव्हा मागच्या बाकावरच्या लाँड्रीतल्या बायका उभ्याच राहिल्या होत्या आणि त्यांना खाली बसा म्हणायचं कारकून विसरला, कारण तो स्वतः वाकून आठवीचा ठिपका शोधत होता.

आठवी मिळाली नाही. चार काठ्या जोडीविना उरल्या. सरकारी वकिलाच्या जिवात जीव आला. "बघा, या चार वेगळ्याच आहेत!"

"वेगळ्या नाहीत," बाई म्हणाल्या. "यांच्या जोडीदारणी मोडल्या. तीस गेल्या, चोवीस परत आल्या. मी विचारलं तर मला सांगितलं, एका दुकानाची काच मध्ये आली." त्या इन्स्पेक्टरकडे वळल्या. "माझ्या बहिणीकडच्या अकरा काठ्या बघा, साहेब. एकीलाही ओरखडा नाही. मोडल्या त्या तुम्ही ज्यांना पाणी पाजलंत त्यांच्या हातात. तो दुकानदार तक्रार घेऊन तुमच्याकडे आला नव्हता का?"

तो आला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि ती तक्रार कुठल्या फायलीत झोपली होती हेही माहीत होतं. 

वकीलबाईंनी जोडलेली एक सहा फुटी पट्टी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "तुमचा अनुभव मोठा आहे. यातला फलकाचा दांडा कुठला आणि हत्यार कुठलं, तेवढं दाखवा."

इन्स्पेक्टरने पट्टीकडे पाहिलं, मग छताकडे. "सांगता येणार नाही," तो म्हणाला.

निकाल आठ दिवसांनी लागला. न्यायाधीशबाईंनी तो सावकाश वाचला. एकाच पट्टीचा एक तुकडा फलक आणि दुसरा हत्यार ठरत असेल, तर पोलीस लाकूड बघत नव्हते, लाकडावर काय लिहिलंय ते बघत होते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आरोपीला निर्दोष सोडावं, कामावर परत घ्यावं, आणि या बायकांनी पुन्हा अर्ज केला तर दुसऱ्या मोर्चाला दिला तोच रस्ता, तोच बंदोबस्त द्यावा. धाकटी पहिल्या वाक्यालाच रडायला लागली, त्यामुळे पुढचं तिला दहाजणींनी बाहेर आल्यावर दहा वेळा सांगितलं. बाई कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या. मग वकीलबाई जवळ येऊन "मावशी, जिंकलो आपण," म्हणाल्या आणि बाईंनी त्या पोरीला मिठी मारून तिच्या काळ्या कोटाला नाक पुसलं.

सोमवारी सकाळी सात वाजता धाकटी लाँड्रीत हजर झाली. तिच्या टेबलावर सात महिन्यांच्या चुरगळलेल्या चादरी नव्हत्या, पण मैत्रिणींनी तसं भासवून तिला घाबरवलं.

अर्ज पुन्हा गेला. लाँड्री अजून चालू होती, पण ठेकेदाराच्या तोंडातून सुटली नव्हती. या वेळी अकराजणी नव्हत्या; स्वयंपाकघरातल्या, सफाईच्या, रात्रपाळीच्या नर्सबाया मिळून एक्केचाळीस झाल्या. धाकटी मजकूर घेऊन खाली आली. बाईंनी पहिला बोर्ड पुढे ओढला, ब्रश बुडवला आणि थांबल्या. मग चष्मा चढवून त्यांनी कागद चक्क वाचला. 'अठ्ठावीस वर्षं डाग काढले, आता आम्हालाच काढता?' बाईंना हसू आवरेना, ब्रश खाली ठेवावा लागला.

"हे मागच्या वेळी पण होतं?"

"हेच होतं. तूच तर रंगवलंस."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

रंग वाळतोय तोवर दारात सेक्रेटरी उभा राहिला. चष्मा कपाळावर, आवाज मऊ. अध्यक्षांच्या माणसांनाही पुढच्या आठवड्यात सभा घ्यायची होती आणि तीन गावं फिरून त्याला पेंटर मिळाला नव्हता. धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बहीण आता याला कसं झोडपते हे तिला बघायचं होतं.

"किती बोर्ड?" बाईंनी विचारलं.

"पंचवीस."

"मंगळवारी या. आणि दुकानांच्या काचा मध्ये येऊ देऊ नका."

तो गेला तशी धाकटी उसळली. "यांचं काम घेतलंस? एवढं सगळं होऊन?"

"घेतलं. त्यांनाही बोलायचंय, बोलू देत." बाईंनी करवत उचलली. "उद्या याचा अध्यक्ष पडला आणि पोलीस याच्या काठ्या पोत्यात भरायला लागले, तर त्यालाही मीच सोडवायला जाईन. शिव्या देत जाईन, पण जाईन. तू ते टोक धर."

धाकटीने पुटपुटत टोक धरलं.

मोर्चाच्या दिवशी बाई नेहमीसारख्या पदपथावर उभ्या राहणार होत्या, लांबून अक्षरं कशी दिसतात ते बघायला. धाकटीने त्यांच्या हातात बोर्ड कोंबला आणि ओढून पहिल्या रांगेत घेतलं. पुढे तोच इन्स्पेक्टर चालत होता, रस्ता मोकळा करत, कोर्टाच्या हुकमाची घडी खिशात ठेवून. चौकाच्या तोंडाशी बायका सवयीने जरा अडखळल्या. कुणी अडवलं नाही. बाईंनी मान वर करून बोर्डावरचं वाचलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडल्या, "अठ्ठावीस वर्षं डाग काढले!" एक्केचाळीस गळ्यांनी उरलेलं पुरं केलं. पन्नास वर्षं लोकांचं म्हणणं रंगवून झालं होतं. मोठ्याने त्या आजच पहिल्यांदा काही म्हणत होत्या, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

तेवढ्यात आडव्या रस्त्याने अध्यक्षांची लांबलचक गाडी आली आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. काचेआड अध्यक्ष स्वतः बसले होते. बायकांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. इन्स्पेक्टरने आधी गाडीकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या बाईंकडे. मग तो चार पावलं पुढे गेला, हातातल्या काठीने बॉनेटवर टकटक केलं आणि ड्रायव्हरला मागे घे अशी खूण केली. हॉर्न बंद झाला, गाडी दहा फूट मागे सरली. इन्स्पेक्टर तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि बायका काठ्यांसकट, बोर्डांसकट त्याच्यापुढून गेल्या. एक्केचाळीसजणी आणि पेंटरबाई. अगदी सावकाश गेल्या.